विटेच्या पोटात

नंदगड रोडला, भट्टीच्या मागं,
तंगेव्वाचं घर चौदा दिवसांत उभं करायचं ठरलं.
पाहुणे अकरा, परदेशातून आलेले.
गवंडी एकच, भरमू.
मी दुभाषी, दिवसाला सातशे आणि जेवण.

नूला आयर्लंडची. शाळेची बस चालवायची म्हणे,
आता रिटायर.
हातमोजे नवे, टोपी नवी, गुडघा जुना.
पहिल्या दिवशी तिनं वीट उचलली
तान्हं मूल उचलावं तशी, दोन्ही हातांनी,
तेव्हा भरमू कन्नडमध्ये जे बोलला
ते मी मराठीतही सांगणार नाही.
इंग्रजीत म्हणाले, तो म्हणतोय, सावकाश.

तंगेव्वा बावीस वर्षं विटा पाडते.
चिखल तुडवायचा, साच्यात आपटायचा,
साचा पालथा घालायचा, उचलायचा,
दिवसाला सहाशे.
तिच्या विटांची घरं धारवाडात, मडगावात, आमच्या शहापुरात.
ती स्वतः ताडपत्रीत.

तिसऱ्या रात्री मोबाईलवर हिशोब केला :
अकरा तिकिटं, जाऊन-येऊन,
भागिले विटेचा दर.
आकडा कुणाला दाखवला नाही.
माझे सातशेही त्याच पिशवीतले.

पाचव्या दिवशी नूलाच्या भिंतीला पोट सुटलं.
भरमूनं ओळंबा सोडला, नुसता हसला
आणि बिडी पेटवायला गेला.
नूला उन्हात उभी. तिच्या मानेवर लाल चट्टे.
भट्टीवरून जेवायच्या सुट्टीत तंगेव्वा आली,
तीन थर उतरवले, माल खरवडला,
एक वीट बादलीत बुडवली.
बुडबुडे आले. ती थांबली.
बुडबुडे संपेपर्यंत थांबली.
"हिची तहान आधी भागीव म्हणावं तिला,
न्हाईतर ही सिमेंटातलं पाणी पिती,
मग कशाला धरंल ती भिंत?"
हे मात्र मी शब्दाला शब्द सांगितलं.
त्यानंतर नूला रोज दुपारी
बादलीशी बसून विटांना पाणी पाजायची,
कोपरापर्यंत लाल.

शेवटच्या दिवशी जीपमधून बोर्ड आला.
इंग्रजी.
पंचायतीचे साहेब म्हणाले, वर कन्नड पाहिजे, मोठं.
गल्लीतली पोरं म्हणाली, मग मराठी का नको?
दोनदा चहा झाला.
मी याचं त्याला, त्याचं याला सांगत होते,
खरं तर तिथल्या सगळ्यांना दोन्ही भाषा येत होत्या,
पण सातशे रुपये होते.
तंगेव्वानं विचारलं, "काय लिवूलालासा त्येच्यावर?
माझं नाव हाय काय?"
नव्हतं.
बोर्ड जीपमधून परत गेला.
भिंतीत दोन स्क्रू राहिले.

दिवाळीत नूलाचा मेसेज : भिंत आहे ना?
म्हणून गेले बघायला.
स्क्रूला चाळण आणि मुलीचं दप्तर.
त्यांनी दिलेल्या शिलाई मशीनवर थोरली
सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांच्या पिशव्या शिवत होती.
पावसात भट्टी बंद, तेव्हा तेवढंच.
तंगेव्वा पुन्हा साच्यावर जायला निघालेली.
आतल्या बाजूला अजून गिलावा नाही.
एका विटेच्या खाचेत मालकाची तीन अक्षरं
आणि बाजूला अंगठा.

"हे काय?"
"माझा," म्हणाली. "दिवसाला एका विटंत.
मालकाला कुठं कळतंय."
"या घरासाठी?"
"न्हाई गं. पहिल्यापास्नं."

नूलाला लिहिलं, भिंत उभी आहे.
बाकीचं इंग्रजीत बसेना.

परवा घरी कॅलेंडरसाठी खिळा ठोकत होते.
गिलावा दोन हातांचा, वर डिस्टेंपर,
आत वीट खानापूरची.
हातोडा उचलला
आणि जरा डावीकडे सरकले.
मग आणखी जरा डावीकडे.